फर्मवेअरच्या सेटिंग कुठे ठेवाव्यात? एकाच कार्डावर बूटलोडर आणि ऑपरेटिंग सिस्टीम नांदवण्याची रीत

चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारा आमचा एक बोर्ड ऐन मे महिन्यात बंद पडला. सकाळी साडेसहाला आप्पांचा फोन आला, "भाऊ, मशीन चालूच व्हत नई." तापीचा पूल ओलांडून बागेत पोचलो आणि बोर्ड तपासला. कुठेही जळाल्याची खूण नव्हती, मेमरी कार्डही वाचता येत होतं. बिघाड वेगळाच निघाला. बूटलोडरने, म्हणजे वीज आल्यावर आधी चालून लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, आपल्या सेटिंग कार्डावर ज्या जागी लिहिल्या, त्या जागी बूटलोडरचाच शेवटचा भाग होता. रात्री लाईट गेली, पहाटे आली, आणि स्वतःचं शेपूट पुसून बसलेला बूटलोडर पुन्हा उठू शकला नाही. भर उन्हाळ्यात दीड दिवस केळीला पाणी नाही म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची बरीच मुलं आता असे छोटे लिनक्स बोर्ड घेऊन पंप, ठिबक, शीतगृह, दूध संकलन केंद्र अशी कामं करतात. प्रोग्रॅम लिहायला ती पटकन शिकतात, पण फर्मवेअरच्या सेटिंग कुठे राहतात हे सहसा त्यांना कुणी सांगत नाही. त्यांच्यासाठी हा लेख. उदाहरणं मुख्यतः यू-बूट या बूटलोडरची आहेत, कारण आपल्या हातात येणाऱ्या बहुतेक बोर्डांवर तोच असतो.

लिहिणारे दोघे का असतात

बोर्डाला वीज मिळाली की आधी फर्मवेअर, म्हणजे आपल्याकडे बूटलोडर, जागं होतं. ते रॅम सुरू करतं, कार्ड वाचतं, लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, रॅममध्ये आणतं आणि कारभार त्याच्या हाती देऊन बाजूला होतं. एवढं करताना त्याला काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. कर्नल कुठून उचलायचा, किती सेकंद थांबायचं, नेटवर्क कार्डाचा पत्ता काय, मागच्या वेळी सुरू होताना काय झालं. वीज गेल्यावरही टिकणाऱ्या या नोंदी म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग. यू-बूटमध्ये त्यांना एन्व्हायर्नमेंट म्हणतात.

मोठ्या कॉम्प्युटरला हा प्रश्न कमी छळतो. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये घड्याळाच्या चिपमधली बॅटरीवर जगणारी ६४ बाइटची मेमरी होती. घड्याळाचे बाइट वजा करून उरलेल्यात सेटिंग बसायच्या. आजच्या मदरबोर्डवर फर्मवेअरसाठी स्वतंत्र एसपीआय फ्लॅश चिप असते. छोट्या, स्वस्त बोर्डांवर मात्र पैसे वाचवायला ही चिप बऱ्याचदा बसवलेलीच नसते. मग बूटलोडर, त्याच्या सेटिंग, लिनक्स आणि तुमचा डेटा सगळे एकाच एसडी कार्डावर किंवा ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या साठवणीच्या चिपेवर, येतात.

सेटिंग फर्मवेअरच्या असल्या तरी लिनक्सलाही त्यात लिहावं लागतं. बागेतला बोर्ड तुम्ही जळगावात बसून अपडेट करता, तेव्हा कार्डावर लिनक्सच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात, अ आणि ब. अ चालू असताना नवीन आवृत्ती ब वर उतरते. मग लिनक्स सेटिंगमध्ये लिहितो: पुढच्या वेळी ब वरून सुरू हो, तीन वेळा प्रयत्न कर, नाही जमलं तर अ वर परत जा. मोजणी बूटलोडर करतो. सगळं नीट सुरू झालं की लिनक्स ती मोजणी शून्यावर आणतो. म्हणजे एकाच वहीत दोघांचे हात.

आपल्याकडे दोन भावांची सामाईक विहीर असते, तसंच हे. दोघांच्या मोटारी एकाच विहिरीवर बसलेल्या असतात, म्हणून पाळी ठरवतात. इथेही पाळी आहे. कर्नलच्या हाती कारभार जाईपर्यंत फर्मवेअरची, त्यानंतर रीस्टार्ट होईपर्यंत लिनक्सची. ही पाळी मोडली की काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

ईएमएमसीचा कंट्रोलर एकच असतो. लिनक्सचा ड्रायव्हर त्याला एक हुकूम देतो आणि उत्तराची वाट बघतो. कधी मोठा डेटा रॅमकडे चाललेला असतो, तर कधी वीज वाचवायला कंट्रोलरचं क्लॉक बंद केलेलं असतं. अशा वेळी फर्मवेअरने मध्येच स्वतःचा हुकूम घातला, तर उत्तर कुणाच्या हुकमाचं हे लिनक्सला कळत नाही. कधी बोर्ड गोठतो, कधी भलतीकडे लिहिलं जातं. दुसरं नुकसान गुपचूप होतं. फाइल सिस्टीमचा हिशेब लिनक्स रॅममध्ये धरून बसलेला असतो. फर्मवेअरने त्याच्या पाठीमागे कार्डावरची फाइल बदलली, तर लिनक्सला त्याचा पत्ता नसतो. तो थोड्या वेळाने आपल्याकडचा जुना हिशेब कार्डावर उतरवतो. सेटिंग तर जातेच, तिच्यासोबत शेजारच्या फाइलीही जाऊ शकतात.

पायरी १: सध्या सेटिंग कुठे आहेत ते बघा

बोर्डाच्या सिरीयल पिनांना ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरीयल वायर जोडा. पाच व्होल्टची जोडू नका, पिन जळते. एका बाजूची टीएक्स दुसऱ्या बाजूच्या आरएक्सला, आणि ग्राउंड ग्राउंडला. वेग बहुतेक बोर्डांवर १,१५,२०० असतो. बोर्ड चालू करा आणि सुरुवातीच्या ओळी सावकाश वाचा. यू-बूट स्वतः सांगतो, "लोडिंग एन्व्हायर्नमेंट फ्रॉम" आणि पुढे जागेचं नाव. एमएमसी असेल तर कार्डावर ठराविक अंतरावर सरळ लिहिलेलं आहे. फॅट असेल तर फाइल आहे. एसपीआय फ्लॅश असेल तर वेगळी चिप आहे. नोव्हेअर असेल तर काहीच साठवलं जात नाही, दर वेळी बूटलोडरमध्ये भरलेल्या मूळ सेटिंगच वापरल्या जातात.

कधीकधी त्याच ओळीपुढे इशारा येतो: "बॅड सीआरसी, युजिंग डीफॉल्ट एन्व्हायर्नमेंट". म्हणजे त्या जागी जे सापडलं त्याची सीआरसी, म्हणजे तपासणीची बेरीज, जुळली नाही, म्हणून मूळ सेटिंग घेतल्या. कोऱ्या बोर्डावर हा इशारा येणारच. काल व्यवस्थित चालणाऱ्या बोर्डावर आज आला, तर हात थांबवा आणि सेव्ह करू नका. का, ते तिसऱ्या पायरीत सांगतो.

आता कुठलीही की दाबून ऑटोबूट थांबवा आणि प्रिंटएन्व्ह हा सेटिंग दाखवणारा हुकूम चालवा. सगळी यादी लॅपटॉपवर फाइलमध्ये जपून ठेवा. त्यात नेटवर्कचा मॅक पत्ता दिसला तर तो वेगळा लिहून घ्या. मूळ सेटिंगवर परत गेल्यावर बऱ्याच बोर्डांचा मॅक पत्ता बदलतो. मग राउटर त्याला नवा आयपी देतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलमधलं अॅप जुन्याच आयपीवर शोधत बसतं. बोर्ड चालू असतो, पाणीही चालू असतं, पण फोनवर दिसत नाही. अशा वेळी लोक नेटवर्कवर संशय घेतात.

पायरी २: जागा निवडा

निवडायला मिळत असेल तर माझा क्रम असा आहे.

बोर्डावर एसपीआय फ्लॅश चिप असेल तर डोळे मिटून ती घ्या. आठ मेगाबाइटची छोटी चिपही पुरते. कार्ड काढलं, फॉरमॅट केलं, नवीन लिनक्स टाकलं तरी सेटिंगला धक्का लागत नाही. रास्पबेरी पाय ४ वर २०१९ पासून अशीच चिप आहे, ५१२ केबीची. त्याच्या बूटलोडरच्या सेटिंग तिच्यात राहतात आणि लिनक्समधून आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग या साधनाने बदलता येतात. तिथला बूट ऑर्डरचा आकडा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. एफ४१ म्हणजे आधी एसडी कार्ड, मग यूएसबी, मग पुन्हा पहिल्यापासून. नव्या मुलांकडून तो हमखास उलटा वाचला जातो.

चिप नाही पण ईएमएमसी आहे, तर ईएमएमसीच्या आतलेच बूट विभाग वापरा. हे आपण पाडतो तसले पार्टिशन नव्हेत. चिपनेच मुख्य जागेपासून तोडून दिलेले दोन छोटे कप्पे असतात, बहुधा चार-चार एमबीचे. लिनक्समध्ये ते एमएमसीबीएलके० बूट० आणि बूट१ या नावांनी दिसतात. मुख्य जागा पूर्ण पुसून टाकली तरी ते तसेच राहतात. शिवाय लिनक्स त्यांना मुळात कुलूप लावूनच ठेवतो. लिहायचं असेल तर सिसएफएसमधल्या फोर्स-आरओ फाइलमध्ये ० लिहून कुलूप काढायचं, काम झालं की १ लिहून परत लावायचं. माझ्या मते स्वस्त बोर्डांसाठी यापेक्षा चांगली सोय नाही, आणि तरीही ती फार कमी लोक वापरतात.

फक्त एसडी कार्ड असेल तर खरी कसरत सुरू होते. तीन मार्ग आहेत. एक, सेटिंगसाठी छोटं स्वतंत्र पार्टिशन. दोन, बूटच्या फॅट पार्टिशनमध्ये फाइल. रास्पबेरी पायवर यू-बूट टाकलात तर तो हेच करतो, यूबूट डॉट एन्व्ह नावाची १६ केबीची फाइल. तीन, पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या पट्ट्यात ठराविक अंतरावर सरळ लिहिणं.

फाइल समजायला आणि कॉपी करायला सोपी. पण फॅटला जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी ठेवलेली नोंद, नसतं, आणि लिहितानाच वीज गेली तर फाइलीसोबत फोल्डरची यादीही बिघडू शकते. शिकायला फाइल चालेल. बागेत बसवायच्या बोर्डाला स्वतंत्र पार्टिशन द्या. तिसरा मार्ग शक्यतो टाळा. बोर्ड बनवणाऱ्याने तोच दिला असेल आणि बदलता येत नसेल, तर पुढची पायरी दोनदा वाचा.

पायरी ३: कागदावर नकाशा काढा

पार्टिशन टेबल म्हणजे कार्डाचा सातबारा. ज्या जागेची त्यात नोंद आहे, तिथे दुसरा कुणी सहसा पाय ठेवत नाही. नोंद नसलेली जागा प्रत्येकाला पडीक वाटते. आजची पार्टिशन पाडणारी साधनं पहिलं पार्टिशन १ एमबीपासून सुरू करतात. त्याच्या अलीकडचा पट्टा रिकामा दिसतो, आणि बूटलोडर नेमका तिथेच राहतो.

चोपड्याच्या बोर्डाचा नकाशा मी नंतर काढला तो असा. बूटलोडर कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबीवर सुरू. सेटिंग ५४४ केबीवर सुरू, आकार १२८ केबी. पहिलं पार्टिशन १ एमबीवर. म्हणजे बूटलोडरला जागा ५४४ वजा ८, ५३६ केबी. जुना बूटलोडर ४९० केबीचा होता, आरामात बसत होता. त्यात नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय आणि आणखी काही गोष्टी घातल्या, तेव्हा तो ५९० केबीचा झाला. ८ आणि ५९०, ५९८. सेटिंगच्या जागेत ५४ केबी घुसला.

आता क्रम बघा. नवीन बूटलोडर कार्डावर उतरवला, बोर्ड सुरू केला, तो उत्तम सुरू झाला. फक्त सेटिंग गायब होत्या आणि पडद्यावर बॅड सीआरसीचा इशारा होता, कारण सेटिंगच्या जागी बूटलोडरचे बाइट पडलेले होते. आमच्याकडे शिकायला आलेला डिप्लोमाचा मुलगा म्हणाला, "दादा, सेटिंग उडाल्यात, परत भरू का?" मी हो म्हणालो. त्याने सगळ्या सेटिंग भरल्या, सेव्हएन्व्ह दिलं, पडद्यावर ओके आलं. त्या ओकेने १२८ केबी कार्डावर लिहिले आणि बूटलोडरचे शेवटचे ५४ केबी पुसले. चालू असलेला बूटलोडर रॅममध्ये होता, म्हणून त्याला काही झालं नाही. तो लिनक्स सुरू करून मोकळा झाला. बोर्ड बागेत बसला आणि पुढची लाईट जाईपर्यंत चांगला चालला. त्या मुलाची यात चूक नव्हती. नकाशा न काढता मी हो म्हणालो होतो.

म्हणून हा हिशेब हाताने करा. एका ओळीत एक वस्तू: नाव, सुरुवात, आकार, शेवट. प्रत्येकाचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीपेक्षा लहान हवा आणि मध्ये वाढायला जागा हवी. बूटलोडर वर्षावर्षाला फुगतो, आजच्या आकाराच्या दुप्पट धरा. यू-बूट तयार करताना बूटलोडरच्या आकाराची मर्यादा घालता येते. ती घातलीत तर बूटलोडर मर्यादेबाहेर गेल्यावर बिल्डच अडतो, बागेत काही बिघडण्याआधीच.

जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल, वापरत असाल तर आणखी एक अडचण. जीपीटीचं टेबल नेहमीच्या मांडणीत पहिल्या ३४ सेक्टरांत पसरतं, म्हणजे सुरुवातीचे १७ केबी. ऑलविनर कंपनीच्या प्रोसेसर चिपा बूटलोडर ८ केबीवर शोधतात, तो बरोबर या टेबलात येतो. बऱ्याच नव्या ऑलविनर चिपा १२८ केबीवरही बघतात. तशी चिप असेल तर बूटलोडर तिकडे न्या, नसेल तर जुन्या पद्धतीचं साधं एमबीआर टेबल वापरा.

सेटिंगसाठी पार्टिशन पाडलंत की त्याच्या नोंदीत जीपीटीचा शून्य क्रमांकाचा बिट चालू करा. त्याचा अर्थ, हे पार्टिशन यंत्राला आवश्यक आहे, हात लावू नका. आर्म बोर्डांसाठीच्या ईबीबीआर या नियमसंचातही सामाईक कार्डावरच्या फर्मवेअरसाठी हीच खूण सांगितली आहे. त्याच नियमसंचाची पहिली पसंती मात्र स्वतंत्र चिपेला किंवा ईएमएमसीच्या बूट विभागाला आहे.

पायरी ४: दोन प्रती ठेवा

आपल्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट कधी दिवसा तर कधी रात्री असते, आणि येताना-जाताना दोन-चार झटके देते. लिहिताना वीज जाईल हे धरूनच चाला.

यू-बूटमध्ये रिडंडंट एन्व्हायर्नमेंट चालू करा आणि दुसऱ्या प्रतीची जागा द्या. मग सेव्ह करताना तो जुन्या प्रतीवर लिहितो, चालू प्रत तशीच ठेवतो. वीज मध्येच गेली तर नवी प्रत अर्धवट राहते, तिची सीआरसी जुळत नाही, आणि पुढच्या वेळी न बदललेली, आधीची चालू प्रत उचलली जाते. तुमचा ताजा बदल जातो, पण बोर्ड सुरू होतो.

प्रतीची रचना एकदा डोळ्यांनी बघा, भीती जाते. हेक्स पाहण्याच्या साधनाने ती जागा उघडा. पहिले चार बाइट सीआरसीचे. दोन प्रती असतील तर पाचवा बाइट कुठली प्रत ताजी ते सांगणारा. त्यानंतर सरळ मजकूर: बूटडिले बरोबर २, मग शून्य बाइट, पुढची सेटिंग, पुन्हा शून्य बाइट. शेवटी दोन शून्य एकापुढे एक आले की यादी संपली. सीआरसी मात्र यादीपुरती नसते, उरलेल्या रिकाम्या जागेसकट पूर्ण आकाराची असते. हा एक मुद्दा पुढच्या पायरीत फार कामाला येतो.

दोन्ही प्रती शेजारी-शेजारी ठेवू नका. एसपीआय फ्लॅशमध्ये लिहिण्याआधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, ४ केबीचा किंवा ६४ केबीचा. दोन्ही प्रती एकाच ब्लॉकमध्ये असतील तर एक वाचवताना दुसरी पुसली जाते. एसडी कार्डाच्या आत हे पुसण्याचे गठ्ठे आणखी मोठे, काही एमबीचे असतात. तिथे दोन प्रतींमध्ये निदान आठ-दहा एमबीचं अंतर सोडा.

पायरी ५: लिनक्समधून लिहिणं

लिनक्समध्ये एफडब्ल्यू-प्रिंटएन्व्ह वाचतं आणि एफडब्ल्यू-सेटएन्व्ह लिहितं. सेटिंग कुठे आहेत हे ही साधनं ईटीसी फोल्डरमधल्या एफडब्ल्यू-एन्व्ह डॉट कॉन्फिग या फाइलवरून ठरवतात. एका ओळीत डिव्हाइसचं नाव, सुरुवातीचं अंतर, आकार. फ्लॅश चिप असेल तर पुढे ब्लॉकचा आकारही. दोन प्रती असतील तर दोन ओळी. फॅटमधली फाइल असेल तर डिव्हाइसच्या जागी फाइलचा पत्ता आणि अंतर ०.

हे आकडे बूटलोडर तयार करताना दिलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळायला हवेत. आकार १६ केबी असताना ८ लिहिला, तर सीआरसी चुकते, कारण ती पूर्ण आकारावर मोजलेली असते. दोन प्रती असताना एकच ओळ लिहिली, तरीही चुकते, कारण पाचवा बाइट मजकुरात धरला जातो. दोन्ही वेळा सेटिंग शाबूत असतात, फक्त तुम्ही चुकीच्या मापाने वाचत असता.

इथे एक नियम पाळाच. आधी नेहमी प्रिंट चालवा. बॅड सीआरसी आलं तर सेट चालवू नका. जुळत नाही म्हणून साधन मूळ सेटिंग घेतं, त्यात तुमचा एक बदल घालतं आणि ते सगळं कार्डावर लिहून टाकतं. शाबूत सेटिंग या एका हुकमाने जातात. ज्या स्क्रिप्ट आपोआप चालतात, त्यांत ही तपासणी घालायला विसरू नका, कारण तिथे इशारा वाचायला माणूस नसतो.

ही साधनं लिहिताना लॉक फाइल धरतात, त्यामुळे दोन स्क्रिप्ट एकाच वेळी आल्या तरी एक थांबते. डीडी या बाइट सरळ उतरवणाऱ्या हुकमाने लिहिणारी स्क्रिप्ट हे लॉक पाळत नाही. कुणाच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये डीडी दिसला तर काढून टाका.

पायरी ६: यूईएफआय असलेला बोर्ड

अलीकडे आर्म बोर्डांवरही यूईएफआयच्या, म्हणजे पीसीवरच्या फर्मवेअरच्या ठरलेल्या पद्धतीच्या, वाटेने लिनक्स सुरू करतात. तिथे सेटिंगना व्हेरिएबल म्हणतात, आणि लिनक्स त्या स्वतः लिहीत नाही. तो फर्मवेअरला हाक मारतो, "सेट व्हेरिएबल", आणि फर्मवेअरने लिहून द्यायचं. पीसीवर हे चालतं, कारण तिथे चिप वेगळी आहे. कार्ड सामाईक असलं की हीच हाक घातक ठरते. कार्डाचा ताबा लिनक्सकडे, आणि लिहायला सांगतोय फर्मवेअरला.

म्हणून यू-बूट व्हेरिएबल ईएसपी, म्हणजे यूईएफआयच्या बूट फाइलींसाठीच्या पार्टिशनमध्ये, यूबूटईएफआय डॉट व्हार या फाइलमध्ये ठेवतो, आपल्या पाळीत हवं ते लिहितो, आणि लिनक्स सुरू झाल्यावर सेट व्हेरिएबलला सरळ नाही म्हणतो. ईएफआय-बूटमॅनेजर या बूटच्या नोंदी बदलणाऱ्या साधनाने एरर दिला तर नव्या मुलांना वाटतं बोर्ड खराब आहे. बोर्डाने बरोबर केलेलं असतं. अशा बोर्डावर लिनक्स बसवताना बूटची फाइल ईएसपीतल्या ईएफआय, मग बूट या फोल्डरमध्ये बूटएए६४ डॉट ईएफआय या ठरलेल्या नावाने ठेवा. व्हेरिएबल नसलं तरी फर्मवेअर तिथे बघतंच.

२०२४ पासून यू-बूटमध्ये एक मधला मार्ग आला आहे. सेट व्हेरिएबलची हाक आली की तो बदल फक्त रॅममध्ये करतो. सोबत दोन खास व्हेरिएबल दाखवतो. आरटी-स्टोरेज-व्होलटाइल सांगतं की हे रॅममध्येच आहे आणि फाइलचं नाव अमुक. व्हार-टू-फाइलमध्ये त्या फाइलचा पूर्ण मजकूर तयार मिळतो. लिनक्समधल्या साधनाने तो मजकूर घेऊन फाइल लिहायची. मजकूर बनवतो फर्मवेअर, कार्डावर हात लावतो फक्त लिनक्स. मला ही मांडणी फार आवडते, कारण पाळी कुठेच मोडत नाही.

सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच सुरू होणं, हवं असेल तर उघडी फाइल पुरत नाही, कारण कार्ड काढून कुणीही ती बदलू शकतं. त्यासाठी ईएमएमसीतला आरपीएमबी हा कप्पा आहे. त्यात एकदाच भरता येणारी किल्ली असते, आणि प्रत्येक लेखनाची सही व मोजणी तपासली जाते. तरी कंट्रोलर तोच, म्हणून तिथलं लिहिणंही लिनक्सच्या हातूनच होतं. किल्ली चुकीची भरली तर परत बदलता येत नाही. पहिल्या बोर्डावर याच्या वाटेला जाऊ नका.

आणि पीसीवर प्रयोग करणाऱ्यांनो, सिस फोल्डरमधल्या ईएफआय-व्हार्सच्या फाइली साध्या फाइली समजून पुसू नका. काही लॅपटॉप त्याने कायमचे बंद पडले आहेत. २०१६ पासून कर्नल त्यातल्या बहुतेकांना न बदलण्याची खूण लावून ठेवतो. ती खूण आहे तशी राहू द्या.

पायरी ७: किती वेळा लिहिता ते मोजा

एसपीआय फ्लॅशचा एक ब्लॉक साधारण एक लाख वेळा पुसता येतो. आकडा मोठा वाटतो. एका मुलाने पंप चालू आहे की बंद ही नोंद दर पाच मिनिटांनी बूटलोडरच्या सेटिंगमध्ये लिहायला घेतली होती. दिवसाला २८८ वेळा. एक लाख भागिले २८८ म्हणजे ३४७ दिवस. दोन प्रती असल्या तरी दोन वर्षं नाहीत. पंपाची नोंद लिनक्सच्या डेटा पार्टिशनमध्ये जायला हवी. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये फक्त तेच, जे लिनक्स सुरू व्हायच्या आधी लागतं. बूटची मोजणीही अपडेट झाल्यानंतरच चालू ठेवा, रोजच्या प्रत्येक सुरुवातीला लिहू नका.

पायरी ८: बोर्ड टेबलावर असतानाच बिघडवून बघा

सेटिंग लिहिण्याची स्क्रिप्ट सतत फिरवा आणि मधेच प्लग काढा, निदान पन्नास वेळा. प्रत्येक वेळी बोर्ड सुरू झाला पाहिजे. एक प्रत मुद्दाम खराब करा, दुसरीवर तो उठतो का ते बघा. मग दुसरीही खराब करा. मूळ सेटिंगवर तो निदान लिनक्सपर्यंत पोचला पाहिजे, कारण मूळ सेटिंग म्हणजे शेवटचा आधार. त्यात फक्त बूटलोडरचा प्रॉम्प्ट येऊन थांबत असेल, तर बागेतल्या माणसाला तो बोर्ड बंदच आहे. नंतर बूटलोडर अपडेट करा, लिनक्स नव्याने टाका, डेटा पार्टिशन वाढवा, आणि प्रत्येकानंतर प्रिंटएन्व्हची यादी पहिल्या यादीशी ताडून बघा.

हे सगळं जमलं की कार्डाच्या सुरुवातीच्या भागाची प्रत काढा. सेटिंगची दुसरी प्रत जिथे संपते तिथपर्यंतचा भाग त्यात यायला हवा. फाइलीला बोर्डाच्या क्रमांकाचं नाव देऊन ऑफिसात ठेवा.

चोपड्यानंतर आम्ही प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवतो. उन्हात शाई उडते, म्हणून पेन्सिलने लिहितो आणि वर पारदर्शक टेप लावतो. त्यावर सहा ओळी असतात: बूटलोडर कुठून कुठे, सेटिंगची पहिली प्रत कुठून, दुसरी कुठून, एका प्रतीचा आकार, मॅक पत्ता, आणि प्लग काढायची चाचणी कुठल्या तारखेला झाली.